फेस्टिव्हलचा फॉर्म आधी, कॅमेरा नंतर

हेडफोन घरी राहिलेत, किंवा एसटीत रेंज येत नाहीये, अशा सगळ्यांसाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं आणि मधेच प्यायलेलं पाणी काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "वाइल्डलाइफवर दहा-बारा मिनिटांची फिल्म केलीये. पर्यावरणाच्या फिल्म फेस्टिव्हलला कशी पाठवायची?" कुणी बिबट्यावर केलेली असते, कुणी देवराईवर, कुणी गावातल्या आटलेल्या नदीवर.

याचं छोटं उत्तर अर्ध्या मिनिटात संपतं. फिल्मफ्रीवे नावाची वेबसाइट आहे, जगभरातले पुष्कळ फेस्टिव्हल तिथून फिल्म घेतात. मोफत अकाउंट उघडा, फिल्मचं पान तयार करा, व्हिडिओ अपलोड करा किंवा पासवर्ड लावलेली लिंक द्या, फेस्टिव्हल निवडा, फी असेल तर भरा, सबमिट. काही फेस्टिव्हलचा स्वतःच्या साइटवर वेगळा फॉर्म असतो, तो तिथे भरायचा. झालं.

गंमत पुढे आहे. फॉर्म खाली खाली सरकवत गेलात की चौकटी येतात. संगीताचे हक्क कुणाकडे? शूटिंगची परवानगी होती का? फिल्ममध्ये दिसणाऱ्या माणसांनी संमती दिली का? शूट करताना प्राण्यांना त्रास झाला नाही, असं लिहून देता का? ही फिल्म याआधी कुठे दाखवली, ऑनलाइन आहे का? सगळ्याच फेस्टिव्हलमध्ये सगळे प्रश्न नसतात, पण यातले बरेचसे या ना त्या रूपात येतात. एडिट संपल्यावर ते पहिल्यांदा वाचले, तर उत्तर द्यायला हातात काहीच नसतं. शॉट एखाद वेळेस परत मिळेल, मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही. म्हणून म्हणतोय, कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावाल तेव्हाच फॉर्म उघडून वाचा. भरू नका, फक्त वाचा.

कुठे पाठवायची?

पुण्यात किर्लोस्कर वसुंधरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००७ पासून होतोय, आणि तो राज्यातल्या इतर शहरांतही जातो. दिल्लीच्या सीएमएस संस्थेचा 'वातावरण' महोत्सव २००२ ला सुरू झाला. 'ऑल लिव्हिंग थिंग्ज' हा पर्यावरण फिल्म फेस्टिव्हल २०२० पासूनचा, म्हणजे तुलनेने नवा. मुंबईचा मिफ फक्त पर्यावरणाचा नाही, माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनचा आहे, पण तुमची फिल्म तिथेही बसू शकते. परदेशात ब्रिस्टलचा वाइल्डस्क्रीन, १९८२ पासून. त्याच्या पांडा पुरस्कारांना लोक 'ग्रीन ऑस्कर' म्हणतात. अमेरिकेत जॅक्सन वाइल्ड आणि मिझुलाचा आंतरराष्ट्रीय वाइल्डलाइफ फिल्म फेस्टिव्हल. यातले काही दरवर्षी असतात, काही वर्षाआड. तारखाही बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीचा स्क्रीनशॉट बघून डेडलाइन ठरवू नका.

"एवढी उठाठेव कशाला, यूट्यूबवर टाकली की लाखो लोक बघतात," असंही काही जण म्हणतात. बरोबर आहे. पण फेस्टिव्हलमध्ये कधी कधी जे दोनशे लोक बघतात, ते वेगळे असतात. माइक पांडे यांची 'शोअर्स ऑफ सायलेन्स' आठवा. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार व्हायची, मांसासाठी आणि यकृताच्या तेलासाठी. तेल होड्यांच्या लाकडाला लावायचे आणि मांस निर्यात व्हायचं. एवढा मोठा मासा, जगातला सगळ्यात मोठा, आणि आपल्या कायद्यात त्याचं नावच नव्हतं. ही फिल्म २००० ची. तिला ब्रिस्टलचा पांडा पुरस्कार मिळाला, आणि २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. तिथे जागा मिळालेला हा पहिला मासा. एकट्या फिल्मने हे घडवलं असा दावा मी करणार नाही, पण तिच्याशिवाय ते इतक्या लवकर झालं असतं असंही वाटत नाही.

ज्युरीत शास्त्रज्ञ का बसतात

मिझुलाचा उल्लेख केला, त्याची गोष्ट सांगतो. हे मोंटाना राज्यातलं शहर. तिथल्या विद्यापीठातले चार्ल्स जोंकेल हे अस्वलांचे अभ्यासक. पडद्यावर प्राण्यांबद्दल जे वाट्टेल ते दाखवलं जात होतं, त्याला ते वैतागले होते. त्यांनी १९७७ मध्ये हा फेस्टिव्हल सुरू केला, तो वन्यजीवांच्या फिल्म शास्त्रीयदृष्ट्या अचूक असाव्यात या आग्रहातून.

वैतागायला कारण होतं. डिस्नेची 'व्हाइट विल्डरनेस' ही १९५८ ची फिल्म. लेमिंग नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी कळपाने कड्यावरून समुद्रात उड्या मारतात, सामूहिक आत्महत्या करतात, असं त्यात दाखवलंय. फिल्मला ऑस्कर मिळालं. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने शोध घेतला, तेव्हा कळलं की ते दृश्य अल्बर्टात घेतलं होतं. अल्बर्टाला समुद्रकिनाराच नाही. लेमिंग दुसऱ्या प्रांतातून विकत आणलेले, बर्फ टाकलेल्या फिरत्या चकतीवर त्यांना पळवून मोठा कळप असल्याचा भास केलेला, आणि शेवटी नदीत ढकललेले. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. पण 'लेमिंगसारखे एकामागून एक कड्यावरून उड्या मारणारे' ही समजूत आजही जगभर फिरतेय. एका फिल्मची ही ताकद आहे, आणि हाच तिचा धोका.

दुसरं उदाहरण अलीकडचं. बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' या २०११ च्या मालिकेत ध्रुवीय अस्वलाची पिल्लं बर्फातल्या बिळात दिसतात. ते चित्रण नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयातलं होतं. बीबीसीने वेबसाइटवर ते सांगितलं होतं, पण मालिका बघताना ते कळत नव्हतं, आणि प्रेक्षक भडकले. माझं मत विचाराल तर अस्वलाच्या खऱ्या बिळात कॅमेरा घुसवण्यापेक्षा प्राणिसंग्रहालयात शूट केलं हे शहाणपणाचंच होतं. आई बिथरली असती तर पिल्लं गेली असती. खटकलं ते एवढंच की पडद्यावर एक ओळ आली नाही.

तुमच्या फिल्ममध्ये अनाथालयातला प्राणी असेल, कॅमेरा ट्रॅपचं फुटेज वन विभागाकडून मिळालेलं असेल, दोन वेगवेगळ्या बिबट्यांचे शॉट एकाच बिबट्याची गोष्ट म्हणून जोडले असतील, तर ते फॉर्ममध्ये लिहा आणि फिल्मच्या शेवटी पाटी टाका. त्याने मार्क कमी होत नाहीत. ज्युरीतल्या अभ्यासकाने बिबट्याच्या ठिपक्यांवरून ओळखलं की हे दोन प्राणी आहेत, तर मात्र होतात. आणि ते ओळखतात. त्यांचा धंदाच तो आहे.

परवाना, घरटं आणि ड्रोन

सफारीचं तिकीट ही शूटिंगची परवानगी नाही. हे वाक्य मी दोनदा बोललो होतो, लिहितोही दोनदा असं समजा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात फिल्म करायची तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २८ लागू होतं. मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देतात, महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला. २०२२ च्या दुरुस्तीत या कलमात फोटोग्राफीसोबत फिल्म बनवणं असा स्पष्ट उल्लेख आला, पण अधिवासात बदल न करता आणि प्राण्यांवर वाईट परिणाम न होऊ देता, या अटीसह. अर्जाला वेळ लागतो आणि शुल्कही पडतं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हे जड वाटेल. मग जंगलाच्या बाहेरचा विषय घ्या. तुमच्या शेतातल्या विहिरीवर, बांधावर, गावच्या तळ्यावर शूट करायला जमीनमालकाची परवानगी पुष्कळदा पुरते.

पण जंगलाच्या बाहेर कायदा संपतो असं नाही. याच कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचून बघा. आपल्याला शिकार म्हणजे बंदूक वाटते. व्याख्येत पकडणं येतं, आमिष दाखवणं येतं, आणि पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी अन् घरटी यांना धक्का लावणंही येतं. म्हणजे घरट्यासमोरची फांदी 'जरा आड येतेय' म्हणून तोडली, पिल्लं उघडी पडली, तर तुम्ही काय केलंत हे कायद्याच्या भाषेत वाचा, अंगावर काटा येईल. साप पकडून चांगल्या उजेडात ठेवून घेतलेला शॉटही त्यातच. रीलवर अशा शॉटला भरपूर लाइक मिळतात. फेस्टिव्हलच्या पहिल्या चाळणीत अशी फिल्म बाजूला पडू शकते, आणि पडावीच.

ड्रोनचं थोडक्यात. २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, म्हणून सगळ्यांकडे तोच असतो. याचा अर्थ तो अभयारण्यावर उडवायला मोकळीक आहे असा नाही. आणि परवानगीचा प्रश्न सोडा, बगळ्यांच्या वसाहतीवर ड्रोन नेला की सगळे पक्षी एकदम उठतात, अंडी उघडी पडतात, आणि कावळे तिथेच टपलेले असतात. पडद्यावर तो शॉट फार सुंदर दिसतो. ज्याला माहितीये त्याला तो बघवत नाही.

आता एक गोष्ट, जी फॉर्म सहसा विचारत नाही पण तुम्ही विचार करायलाच हवा. जागा. मांडूळ, खवले मांजर, घुबड, यांची आपल्याकडे तस्करी होते. मांडुळाबद्दल गुप्तधनाच्या अफवा, घुबडाबद्दल जादूटोण्याच्या. तुमच्या फिल्ममध्ये मंदिराचा कळस, मैलाचा दगड आणि मागे खवले मांजराचं बीळ एकाच फ्रेममध्ये असेल, तर तुम्ही पत्ताच दिलात. फॉर्ममध्ये 'शूटिंगचं ठिकाण' या चौकटीत जिल्हा लिहा, पुरे. फोनमधलं लोकेशन बंद करून शूट करा, कारण व्हिडिओ फाइलच्या पोटात अक्षांश-रेखांश बसलेले असतात.

माणसांची संमती

इथे मला जरा थांबायचंय. वाइल्डलाइफ म्हटलं की आपल्याला वाटतं, प्राण्याची सही थोडीच घ्यायचीये! पण आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या फिल्म प्राणी आणि माणूस यांच्या मधल्या जागेत घडतात. आणि तिथल्या माणसाचं नुकसान तुमची फिल्म करू शकते.

समजा, रानडुकरांनी पीक खाल्लेला शेतकरी कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलतोय. बोलता बोलता तो म्हणतो, "मग काय, आम्ही कुंपणाला रात्री करंट सोडतो." तुमच्यासाठी हा फिल्मचा सगळ्यात जोरदार क्षण. त्याच्यासाठी हा गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे, चेहरा, आवाज आणि गट नंबरसकट. फिल्म फेस्टिव्हलमध्ये लागली, मग कुणी तुकडा कापून व्हॉट्सअॅपवर फिरवला, तर त्याच्या दारात गाडी येईल, तुमच्या नाही. त्याने कागदावर सही केली म्हणून तुम्ही मोकळे झालात का? कायद्याने कदाचित. मला तरी ते पटत नाही. हे वाक्य ठेवायचं की नाही, चेहरा झाकायचा की नाही, हे त्याच्याशी बोलून ठरवा, आणि परिणाम काय होऊ शकतात ते त्याला आधी सांगा. फिल्म थोडी कमजोर झाली तर होऊ द्या.

संमतीपत्र मराठीत करा. इंग्रजी छापील फॉर्मवर आजीचा अंगठा घेऊ नका. वाचता येत नसेल तर कॅमेरा सुरू ठेवून वाचून दाखवा आणि त्यांचा होकार रेकॉर्ड करा. फिल्म कुठे कुठे दाखवणार हे त्यात असू द्या: फेस्टिव्हल, कॉलेज, इंटरनेट. मुलं असतील तर पालकांची सही. आणि जमलं तर पक्कं एडिट करण्याआधी एकदा त्यांना दाखवा. दुपारी जेवण झाल्यावर, ओसरीवर, लॅपटॉपवर. बऱ्याच चुका तिथेच सापडतात, कारण त्या झाडाचं, त्या ओढ्याचं नाव तुमच्यापेक्षा त्यांना नीट माहीत असतं.

सबटायटल: 'वाघ' म्हणजे नेमका कोण?

मराठी फिल्मला इंग्रजी सबटायटल बहुतेक सगळीकडे लागतात, पुष्कळदा देशातल्या फेस्टिव्हललाही. इथे फार मजेशीर अपघात होतात. जुन्नर भागातल्या कितीतरी गावांत लोक बिबट्याला सर्रास 'वाघ' म्हणतात. आजी सांगते, "उसात वाघ व्याला." सबटायटलमध्ये येतं 'टायगर'. ज्युरी हैराण, की उसाच्या फडात वाघ? कोल्ह्याचं तसंच. कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स नाही. फॉक्स म्हणजे आपलं खोकड. घारीला 'ईगल' करतात, ते तर जागोजागी. भाषांतर करणारा मित्र इंग्रजीत कितीही हुशार असो, प्राण्यांची नावं पक्षी-प्राणी ओळखणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल ठेवा आणि फेस्टिव्हलला बघायला द्यायच्या कॉपीवर ती कायमची छापा. पांढऱ्या अक्षरांना काळी कड द्या, नाहीतर आभाळ आलं की वाक्य गायब. एका वेळी दोन ओळींच्या वर नको.

आवाज

इथे दोन वेगळ्या भानगडी आहेत. एक, हक्क. इन्स्टाच्या रीलवर जे गाणं सहज लावता येतं, ते तुम्हाला फेस्टिव्हलच्या फिल्ममध्ये वापरता येत नाही. ती सोय त्या अॅपपुरती असते. सिनेमाच्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि शब्द-संगीताच्या मालकाची, अशा दोन्ही परवानग्या लागतात. 'फ्री म्युझिक' म्हणून डाउनलोड केलेल्याचंही लायसन्स वाचा. झेनो-कँटो या साइटवर पक्ष्यांचे हजारो आवाज आहेत, फार सुंदर खजिना आहे, पण रेकॉर्ड करणाऱ्याने घातलेल्या अटी प्रत्येक फाइलखाली असतात. कुठे व्यावसायिक वापर चालत नाही, कुठे बदल केलेला चालत नाही. ओळखीत कुणी बासरी वाजवणारं, संबळ वाजवणारं असेल तर त्यांच्याकडून करून घ्या, आणि त्यांच्याशीही दोन ओळींचा कागद करा.

दुसरी भानगड, खरेपणाची. डिसेंबरचं धुकं, शेकोटी, आणि मागे पावश्या ओरडतोय 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. अहो, तो पावसाच्या आधी ओरडणारा पक्षी! सामान्य प्रेक्षकाला छान वाटेल, पण ज्युरीत एक पक्षीनिरीक्षक असला की तिथून पुढे तो फिल्म बघत नाही, चुका शोधत बसतो. जिथे शूट कराल तिथला पाच मिनिटांचा नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करून आणा. फोनवर केला तरी चालेल, वाऱ्यापासून माइक झाका म्हणजे झालं.

आधी यूट्यूब की आधी फेस्टिव्हल?

फिल्म पूर्ण झाली की हात शिवशिवतात, कळतं मला. पण काही फेस्टिव्हलना फिल्मचा पहिला खेळ स्वतःकडे हवा असतो, कधी जगातला पहिला, कधी देशातला, कधी फक्त त्या शहरातला. यालाच प्रीमियरची अट म्हणतात. पर्यावरणाच्या फेस्टिव्हलमध्ये ही अट बऱ्याचदा सैल असते, कारण त्यांना फिल्म जास्तीत जास्त लोकांपर्यंत जायला हवी असते. तरी नियमावलीत 'ऑनलाइन उपलब्ध नसावी' ही ओळ आहे का बघा. तोपर्यंत यूट्यूबवर एक मिनिटाचा ट्रेलर टाका आणि फिल्म पासवर्डमागे ठेवा. पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलू नका. बंद लिंकमुळे फिल्म बघितलीच गेली नाही, यासारखं वाईट मरण नाही.

फीबद्दल. काही ठिकाणी प्रवेश मोफत असतो, परदेशी फेस्टिव्हलची फी बहुधा डॉलर किंवा पाउंडात. डेडलाइन टप्प्याटप्प्याने असतात आणि प्रत्येक टप्प्याला फी वाढते, तेव्हा पहिल्या टप्प्यातच पाठवा. विद्यार्थी सवलत असते. नसली तरी आयोजकांना नम्रपणे मेल लिहून फी माफ करता का विचारायला हरकत नाही, आणि हे अजिबात कमीपणाचं नाही. निवड झाली नाही म्हणून फी परत येत नाही, एवढं मनाशी धरून चाला.

आणि सावध राहा. काही 'फेस्टिव्हल' फक्त फी गोळा करण्यासाठी असतात. दर महिन्याला विजेते जाहीर, शंभर प्रकारची पारितोषिकं, कुठल्या थिएटरमध्ये खेळ होणार याचा पत्ता नाही, आणि जिंकल्यावर ट्रॉफी हवी तर वेगळे पैसे. पोस्टरवर लावायला पानांची माळ मिळते, प्रेक्षक एकही मिळत नाही. ओळखायची सोपी खूण: मागच्या वर्षी दाखवलेल्या फिल्मची यादी आणि हॉलमध्ये बसलेल्या लोकांचे फोटो शोधा. यादीतल्या एखाद्या दिग्दर्शकाला मेसेज करून विचारा.

दोन ओळींत गोष्ट

फॉर्ममध्ये फिल्मबद्दल एक-दोन वाक्यं मागतात. पुष्कळ जण लिहितात, 'मानव आणि निसर्ग यांच्यातील अतूट नात्याचा हृदयस्पर्शी प्रवास.' ही कुठलीही फिल्म असू शकते. साबणाची जाहिरातसुद्धा. त्यापेक्षा असं बघा: 'ऊसतोडीत बिबट्याची तीन पिल्लं सापडतात. वन कर्मचाऱ्यांना ती रात्रीतून आईपर्यंत पोहोचवायचीत, आणि गावाला ती इथे नकोच आहेत.' कोण, कुठे, काय अडलंय, सगळं आलं. जुन्नर परिसरात हे खरोखर घडत असतं. फडात सापडलेली पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, आई येऊन घेऊन जाते. अशी गोष्ट तुमच्या तालुक्यात असताना ताडोबाच्या वाघाच्या मागे का धावायचं, हा माझा जुना प्रश्न आहे.

कारण वाघाच्या स्पर्धेत तुम्ही मोठ्या लेन्सवाल्यांशी हरणार. शौनक सेन यांची 'ऑल दॅट ब्रीद्स' दिल्लीतल्या जखमी घारींवर आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या भावांवर आहे. २०२२ मध्ये तिला सनडान्सला ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक आणि कानला माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. सर्वनिक कौर यांची 'अगेन्स्ट द टाइड' मुंबईच्या दोन कोळी मित्रांची. एक परंपरेने मासेमारी करणारा, दुसरा खोल समुद्रात नव्या तंत्राने. २०२३ मध्ये सनडान्सलाच तिला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. घार आणि कोळीवाडा. दोन्ही तुमच्या-माझ्या खिडकीतून दिसण्यासारखे.

फोनवर शूट करणाऱ्यांसाठी

फोन चालतो, काही ठिकाणी मोबाइल फिल्मचा वेगळा गटही असतो. आडवा धरा. फोन स्वतःहून फ्रेमचा वेग बदलत राहतो, त्यामुळे एडिटमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत. वेग पक्का करणारं कॅमेरा अॅप वापरा, २४ किंवा २५ वर. फुटेज मित्राकडे व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते दाबलं जाऊन पार चिखल होतं. पेनड्राइव्ह घेऊन जा. निवड झाली तर थिएटरसाठी डीसीपी नावाची फाइल मागू शकतात. घाबरू नका, डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर आहे, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायची तयारी हवी. सेन्सॉर सर्टिफिकेट नाही म्हणून कुणी अडून बसतं. महोत्सवातल्या खेळांसाठी सहसा आयोजकच सरकारकडून सूट घेतात. राष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवायची असेल तर मात्र सर्टिफिकेट लागतंच.

शेवटचा प्रश्न एका श्रोत्याचा: "निकाल लागेपर्यंत गावात दाखवली तर चालेल का?" ओसरीवर किंवा देवळासमोर, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना दाखवायला सहसा अडचण येत नाही, पण ज्या फेस्टिव्हलला प्रीमियर हवाय त्यांना एक मेल करून विचारून घ्या, ते उत्तर देतात. आणि गावात दाखवायची कॉपी सबटायटलशिवाय काढा. म्हाताऱ्या माणसांना ती इंग्रजी अक्षरं उगाच चेहऱ्यांवर नाचल्यासारखी वाटतात.